पाण्याखालचा भाग: तटरक्षक दलाच्या गस्तीनौकेच्या गोदीकामाचा अनुभव

भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाणाऱ्या लाँचमध्ये किंवा गेटवेहून मांडव्याला निघालेल्या बोटीत बसलेल्या माणसाला तटरक्षक दलाचे पांढरे जहाज अधूनमधून दिसतेच. पुढच्या अंगावरचे तिरके पट्टे, बाजूवर मोठ्या अक्षरांत लिहिलेले दलाचे नाव, नाळेजवळची तोफ आणि मागचा हेलिकॉप्टरचा डेक एवढे लांबूनही ओळखू येते. माझे काम मात्र त्या पांढऱ्या रंगाखाली, जिथून लाल रंग सुरू होतो आणि पाण्यात दिसेनासा होतो, त्या भागाशी आहे. जहाजाच्या तळाची तपासणी करणे आणि त्यावरच्या रंगकामावर देखरेख ठेवणे हा माझा व्यवसाय आहे. आजवर व्यापारी जहाजे, टग आणि बार्ज पुष्कळ पाहिले. पण तटरक्षक दलाची आधुनिक गस्तीनौका मुंबई बंदराच्या इंदिरा गोदीतील ह्यूजेस ड्राय डॉकमध्ये, म्हणजे पाणी उपसून जहाज कोरडे उभे करता येते अशा गोदीत, आली आणि तिचे संपूर्ण गोदीकाम आरंभापासून समुद्रातील चाचणीपर्यंत जवळून पाहता आले, तेव्हा या जहाजांच्या वेगाचा आणि तळाच्या अवस्थेचा संबंध मला खऱ्या अर्थाने कळला. सुरक्षेच्या दृष्टीने जहाजाचे नाव आणि तारखा येथे देत नाही.

जहाज गोवा शिपयार्डात बांधलेल्या 105 मीटर लांबीच्या गस्तीनौकांपैकी होते. या प्रकारातील 'सचेत' 2020 साली सेवेत दाखल झाली, तेव्हा तिची जाहीर झालेली माहिती अशी होती: वजन सुमारे 2,350 टन, प्रत्येकी 9,100 किलोवॉटची दोन डिझेल इंजिने, कमाल वेग 26 नॉट (म्हणजे तासाला 26 सागरी मैल) आणि पल्ला 6,000 सागरी मैल. कागदावरचे हे आकडे खरे असतात, पण ते नव्याकोऱ्या, गुळगुळीत तळाचे असतात. जहाज पाण्यात उतरले की त्याच दिवसापासून समुद्र त्याच्या तळावर वस्ती करू लागतो.

ह्यूजेस ड्राय डॉक 1914 सालचा आहे. सुमारे 305 मीटर लांब आणि 30 मीटरहून थोडा अधिक रुंद असलेल्या या दगडी खड्ड्याचे मध्ये दरवाजा लावून दोन भाग करता येतात, त्यामुळे दोन जहाजांची कामे एकमेकांना न अडवता चालू शकतात. ग्रीन गेटने आत शिरून गोदीच्या कठड्याशी उभे राहिले की शंभराहून अधिक वर्षांपूर्वी घडवलेल्या दगडांच्या पायऱ्या खाली उतरत गेलेल्या दिसतात. त्या पायऱ्यांच्या मध्ये आजच्या काळातील रडार आणि कॅमेरे असलेले जहाज उभे राहिलेले पाहून मला आमच्या गोदीचा अभिमान वाटला, हे सांगायला संकोच वाटत नाही.

जहाज आत येण्याआधीच निम्मे काम झालेले असते. डॉकिंग प्लॅन नावाचा एक नकाशा असतो. जहाजाचा कणा कोठे मजबूत आहे, पाणी आत घेणारी तोंडे कोठे आहेत, खोली मोजणारे यंत्र आणि जहाजाचे डोलणे कमी करणाऱ्या स्टॅबिलायझरचे पंख कोठे बाहेर येतात, हे सर्व त्यात असते. त्यानुसार गोदीच्या तळावर ठोकळ्यांची रांग मांडतात. प्रत्येक ठोकळ्याचा पाया काँक्रीटचा, त्यावर कठीण लाकूड आणि सर्वांत वर मऊ लाकूड असते, म्हणजे जहाजाचे वजन आले की वरचे लाकूड थोडे दबते आणि पोलाद वाचते. एखादा ठोकळा चुकून यंत्राच्या खाली आला, तर लाखो रुपयांचे उपकरण जहाजाच्या स्वतःच्याच वजनाने चिरडले जाईल. म्हणून मुकादम आणि गोदीचा अधिकारी दोघेही फीत घेऊन प्रत्येक अंतर पुन्हा मोजतात.

जहाजावरचा दारूगोळा त्याआधीच उतरवलेला असतो. जिथे वेल्डिंगच्या ठिणग्या उडणार तिथे स्फोटके नकोत, हा नियम जगभर आहे, पण मुंबई गोदीत तो सांगावा लागत नाही. 14 एप्रिल 1944 रोजी व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' या जहाजाचा जो स्फोट झाला, त्यात अग्निशमन दलाचे 66 जवान गेले, आणि त्यांच्या स्मरणार्थ तो दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. आमच्याकडे आगीच्या कामाचा परवाना रोज नव्याने काढावा लागतो आणि एकही जुना कामगार त्याबद्दल कुरकुर करत नाही.

जहाज दोऱ्यांनी ओढून ठोकळ्यांच्या बरोबर वर आणले, मागचा दरवाजा बंद झाला आणि पंप सुरू झाले. पाणी उतरताना एक क्षण असा येतो की ज्याची मी नेहमी श्वास रोखून वाट पाहतो. जहाजाचा मागचा भाग किंचित खोल असतो, म्हणून तो आधी टेकतो. त्या वेळी जहाजाचे थोडे वजन ठोकळ्यावर आणि उरलेले पाण्यावर असते. खालून ठोकळ्याचा रेटा लागल्यामुळे जहाजाचे संतुलन कमी होत जाते आणि टाक्यांतले इंधन किंवा पाणी एका बाजूला जास्त असेल तर जहाज कलण्याचा धोका असतो. डॉकमास्तरने तिथे पंप थांबवले, पाणबुडे खाली गेले, त्यांनी ठोकळे जागेवर असल्याची खूण केली आणि मगच उरलेले पाणी काढले गेले.

जहाज पूर्ण उघडे पडले तेव्हा पांढऱ्या, स्वच्छ बाजूंच्या खाली हिरवट-तपकिरी शेवाळाची दाढी लोंबत होती. तिच्या खाली बार्नेकल या चिकटून राहणाऱ्या कवचधारी जिवांचे कडक शंकू दाटीवाटीने बसलेले होते आणि पाणी आत घेणाऱ्या तोंडांवरच्या जाळ्यांत शिनाणे व लहान शिंपले इतके भरले होते की जाळीची छिद्रे शोधावी लागत होती. मुंबई बंदराचे पाणी उबदार आणि गाळाचे आहे. धक्क्याला बांधलेल्या जहाजावर या जिवांची वाढ झपाट्याने होते. गस्तीनौकेची अडचण तिच्या कामाच्या स्वरूपातच आहे. व्यापारी जहाज सतत चालत राहते. गस्तीनौका काही दिवस धक्क्याला सज्ज उभी असते आणि आदेश आला की एकदम पूर्ण वेगाने निघते. आजच्या तांबेयुक्त रंगांचा वरचा थर चालत्या पाण्याने हळूहळू झिजतो आणि त्याबरोबर चिकटलेले जीव निघून जातात, पण जहाज उभेच असेल तर झीज होत नाही आणि रंगाचा उपयोग निम्म्यावर येतो. पूर्वी कथिलाची संयुगे असलेले रंग वापरत, ते फार परिणामकारक होते. मात्र समुद्रातील शंख-शिंपल्यांवर त्यांचे भयंकर परिणाम दिसल्यावर आंतरराष्ट्रीय करारान्वये 2008 पासून त्यांच्यावर बंदी आली. ही बंदी योग्यच आहे, असे माझे मत आहे. फक्त तिच्यामुळे तळाच्या रंगकामातली काळजी आम्हाला दुप्पट करावी लागते.

वाढ काढण्याचे काम त्याच दिवशी, तळ ओला असतानाच करायचे असते. ती वाळली की बार्नेकलचा पाया सिमेंटसारखा धरतो आणि खरवडताना रंगाबरोबर निघतो. म्हणून पाणी उतरत असतानाच कामगार फळीवर उभे राहून उच्च दाबाच्या गोड्या पाण्याचा फवारा मारू लागले आणि संध्याकाळपर्यंत गोदीच्या तळाशी शिंपल्यांचा, शेवाळाचा आणि कुजकट वासाचा थर साचला. त्यानंतर आम्ही मिठाची चाचणी घेतली. पोलादावर चिकटपट्टीसारखा छोटा कप्पा लावून त्यात शुद्ध पाणी घालतात, ते पाणी परत काढून त्यातून वीज किती सहज जाते हे मोजले की पृष्ठभागावर किती क्षार उरले आहेत ते समजते. डोळ्यांना स्वच्छ दिसणाऱ्या पत्र्यावरही क्षार असतात आणि त्यांच्यावर रंग लावला तर काही महिन्यांत खालून फुगे येतात.

मागच्या बाजूला काम करताना एका खलाशाने हाक मारली. जहाज पुढे ढकलणाऱ्या उजवीकडच्या पंख्याच्या मागे, तो पंखा फिरवणारा दांडा म्हणजे शाफ्ट जिथे जहाजातून बाहेर येतो तिथे, दोरी अडवणाऱ्या कवचाच्या आत हिरवट रंगाचे कडे दिसत होते. ते नायलॉनचे जाळे होते. शाफ्टभोवती गुंडाळले जाऊन घर्षणाच्या उष्णतेने वितळलेले आणि पुन्हा घट्ट झालेले. छिन्नीने तुकडा काढून हातात घेतला तर तो काचेसारखा कडक होता, पण एका कडेला धागे सुटे उरले होते. करंजाचा एक कोळी कामगार तिथे होता, त्याने ते धागे बोटांत फिरवून पाहिले आणि म्हणाला, "साहेब, ही डोल नाय, तंगूस हाय. वर तरंगत आलेलं असेल." डोल म्हणजे खांबांना बांधायचे पिशवीसारखे जाळे, तर तंगूस म्हणजे एकेरी नायलॉन धाग्याचे. आत तेल आणि पाणी अडवणारे सील होते आणि जाळे आणखी खोल गेले असते तर तेल गळले असते किंवा पाणी आत शिरले असते. सील उघडून पाहिले, कड किंचित घासलेली होती, ती बदलली. मासेमारांच्या मदतीला धावणाऱ्या जहाजाला तुटलेली, टाकून दिलेली जाळी अडवू शकतात, हे मी कागदावर वाचले होते; तो तुकडा हातात घेतल्यावर ते पटले. म्हणून करंजा, ससून डॉक आणि वेसाव्याच्या बांधवांना माझी मनापासून विनंती आहे की फाटलेले जाळे समुद्रात सोडू नये, किनाऱ्यावर आणावे.

पंखे निकेल-अॅल्युमिनियम ब्राँझचे असून त्यांच्या पात्यांचा कोन चालत्या जहाजातून बदलता येतो; त्यामुळे इंजिनाची दिशा न बदलता जहाज मागे घेता येते आणि लहान बोट उतरवताना वेग अगदी बारकाईने सांभाळता येतो. पात्यांच्या कडांवर रंगीत द्रव सोडून तडे शोधले, पृष्ठभाग घासून गुळगुळीत केला आणि पात्यांच्या मुळाशी तेल गळत नाही ना ते पाहिले. ब्राँझ आणि पोलाद खाऱ्या पाण्यात शेजारी असले की पोलाद गंजू लागते. ते वाचवण्यासाठी तळावर जस्ताचे किंवा अॅल्युमिनियमचे ठोकळे बसवलेले असतात, जे पोलादाऐवजी स्वतः झिजतात. यांना रंग लागला तर ते निकामी होतात, म्हणून रंगकामापूर्वी प्रत्येकावर कागद चिकटवला. पोलादाची जाडी ध्वनिलहरींच्या यंत्राने मोजून झाली. समुद्राच्या पाण्याचे व्हॉल्व्ह उघडून, घासून, दाबाने तपासले गेले. या दोन कामांत सांगण्यासारखे विशेष काही घडले नाही.

खरा प्रश्न रंगकामाच्या सकाळी उभा राहिला. गोदीचे दिवस मोजूनमापून दिलेले असतात. पुढचे जहाज रांगेत असते आणि ठेकेदाराला वेळेत संपवायची घाई असते. ती स्वाभाविक आहे, मी तिला दोष देत नाही. त्या सकाळी हवेत बाष्प होते आणि गोदीचा तळ रात्रीपासून ओला होता. ठेकेदाराच्या माणसाने यंत्रे भरून ठेवली आणि म्हणाला, "साहेब, पत्रा कोरडा दिसतोय, सुरुवात करू या." मी हवेतील ओलावा मोजणारा दोन थर्मामीटरचा हायग्रोमीटर घेतला, त्यातल्या एकाच्या फुग्यावरची कापडी वात भिजवली, दोरीच्या मुठीने तो हवेत गरगर फिरवला आणि दोन्ही आकडे वाचले. हवा 27 अंश, ओला फुगा 25.5. तक्त्यावरून दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचे पाणी होऊ लागते तो, 25 अंशांच्या आसपास येत होता, तर तळाच्या पत्र्याला लावलेला चुंबकाचा थर्मामीटर 26 दाखवत होता. नियम असा की पत्र्याचे तापमान दवबिंदूपेक्षा किमान 3 अंशांनी वर असले पाहिजे आणि हवेतील आर्द्रता 85 टक्क्यांच्या खाली हवी. इथे दोन्ही अटी मोडत होत्या. रंग त्या वेळी छान लागला असता, चकाकलाही असता. पण त्याच्या आणि पोलादाच्या मध्ये डोळ्याला न दिसणारे पाणी राहिले असते.

मी काम थांबवायला सांगितले. ठेकेदाराच्या माणसाचा आवाज चढला, माझा चढू दिला नाही. तेवढ्यात जहाजाचे इंजिनिअरिंग अधिकारी आले, त्यांनी आकडे पाहिले, स्वतः हायग्रोमीटर फिरवला आणि शांतपणे म्हणाले, "थांबू या. मला हे जहाज पुढच्या पावसाळ्यात पाठवायचे आहे." त्यांच्या या वाक्यानंतर कोणी वाद घातला नाही. ऊन गोदीत उतरले, वारा सुटला आणि दुपारच्या सुमारास हवा 32 अंश, ओला फुगा 26 आणि पत्रा 30 असे आकडे आले, म्हणजे दवबिंदू 24 च्याही खाली गेला होता. मग काम सुरू झाले. इपॉक्सीचा गंजरोधक थर, त्यावर दोन्हींना जोडणारा थर, आणि शेवटी तांबेयुक्त थर. एका थरावर दुसरा केव्हा लावायचा यालाही वेळेची चौकट असते: खालच्या थरावर अंगठा टेकवला तर ठसा उमटावा, पण रंग अंगठ्याला लागू नये. फार लवकर लावला तर आतला द्रव अडकतो, फार उशीर केला तर थर एकमेकांना धरत नाहीत. कारखान्यातून छापून आलेल्या तासांच्या तक्त्यापेक्षा मुंबईच्या हवेत हा अंगठा जास्त विश्वासाचा आहे, असे माझे अनुभवाने बनलेले मत आहे. अर्थात तक्ता बाजूला ठेवावा असे मी म्हणत नाही.

एवढी घासाघीस कशासाठी, असे गोदीत नव्याने आलेली मुले विचारतात, आणि मी त्यांना बॉम्बे हायचे अंतर काढून दाखवतो. मुंबईपासून तो तेलाचा पट्टा सुमारे 160 किलोमीटर, म्हणजे 86 सागरी मैलांच्या आसपास आहे. जहाज 24 नॉटने गेले तर साडेतीन तासांहून थोड्या अधिक वेळात पोहोचेल. तळ खराब असल्यामुळे 20 नॉटच मिळाले तर सव्वाचार तासांहून जास्त लागतील. इंजिनाला लागणारी शक्ती ढोबळमानाने वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे इंजिन जास्त रेटून हा तोटा भरून काढता येत नाही. उलट पाण्याची तोंडे शिंपल्यांनी तुंबलेली असतील तर इंजिन तापते आणि वेग आणखी उतरवावा लागतो. मे 2021 मध्ये तौक्ते चक्रीवादळात 'गाल कन्स्ट्रक्टर' हा बार्ज मुंबईच्या उत्तरेला वाहत गेला, तेव्हा त्यावरील 137 जणांची सुटका झाली; त्या मोहिमेत तटरक्षक दलाची 'सम्राट' तिथे होती आणि नौदलाची हेलिकॉप्टरेही होती. खवळलेल्या समुद्रात अशा वेळी पाऊण तास म्हणजे काय, हे मुलांना वेगळे सांगावे लागत नाही.

जहाज पुन्हा पाण्यावर सोडताना सर्वांत जपण्याची गोष्ट म्हणजे तळाची बुचे. टाक्या रिकाम्या करण्यासाठी काढलेली बुचे जहाजावरच्या अधिकाऱ्याच्या ताब्यात, खुणेच्या चिठ्ठ्या बांधून ठेवलेली असतात. ती एकेक बसवली जातात आणि प्रत्येकासमोर सही होते. गोदीत पाणी सोडले, समुद्राच्या पाण्याचे व्हॉल्व्ह बुडाले तिथे ते थांबवले, आणि आत प्रत्येक कप्प्यात माणूस टॉर्च घेऊन गळती पाहायला गेला. सगळीकडून कोरडे असल्याचा निरोप आल्यावर पुढचे पाणी सोडले गेले आणि जहाज ठोकळ्यांवरून सुटले.

समुद्रातील चाचणीसाठी पंख्यांच्या कामाच्या निमित्ताने मलाही जहाजावर घेतले. भरती-ओहोटीचा प्रवाह मोजणीत मिसळू नये म्हणून तेच अंतर एका दिशेने आणि लगेच उलट दिशेने धावून सरासरी काढतात. तक्ते संगणकावर होतेच, तरी एका वयस्कर खलाशाने आमच्याकडची जुनी पद्धत वापरली: तिथीला पाऊणपट करायची की भरतीची वेळ येते. एकादशी होती, म्हणजे सव्वाआठ. तक्त्यातली वेळही जवळपास तीच निघाली. पूर्ण वेगाच्या धावेत डेक थरथरला, पण तो जुना जड खरखराट नव्हता. मधेच अचानक थांबण्याची चाचणी झाली, सुकाणू दोन्ही टोकांना फिरवून पाहिले, स्टॅबिलायझरचे पंख चालू-बंद करून जहाजाचा डोल किती कमी होतो ते मोजले. हेलिकॉप्टर उतरवताना आणि बाजूची वेगवान बोट पाण्यात सोडताना हाच डोल माणसांच्या जिवाशी संबंधित असतो, म्हणून दवितावरची, म्हणजे बोट उतरवण्याच्या यारीवरची, बोटही चालत्या जहाजातून उतरवून परत घेतली गेली. मोजलेला वेग गोदीत येण्यापूर्वीच्या नोंदीपेक्षा स्पष्टपणे वाढलेला होता आणि इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचे तापमान नेमके जिथे हवे तिथे स्थिर राहिले.

माझ्या अहवालाच्या शेवटी मी तीन सूचना लिहिल्या. धक्क्याला जहाज लांब काळ उभे राहणार असेल तर मधूनमधून ते बाहेर नेऊन चालवावे, म्हणजे रंग आपले काम करील. पाणी आत घेणाऱ्या जाळ्या पाणबुड्यांकडून ठरावीक अंतराने साफ करून घ्याव्यात, मात्र त्या वेळी शेजारच्या रंगावर कडक ब्रश फिरवू नये. आणि दोरी अडवणाऱ्या कवचाआडचा शाफ्ट प्रत्येक वेळी पाणबुड्याने टॉर्च लावून पाहावा, तंगूसचा एक धागा दिसला तरी कळवावे. इंजिनिअरिंग अधिकाऱ्यांनी तिसऱ्या सूचनेखाली पेनाने रेघ मारली आणि तीच ओळ जहाजाच्या नेहमीच्या तपासणी यादीत घालायला सांगितली.